डोंगर ओस का पडला?

(नभोवाणीवरील भाषण)

प्रत्येक प्राथमिक शाळेच्या कपाटात एक जाडजूड बाड असते. आम्ही शिक्षक मंडळी त्यास 'जनरल रजिस्टर' म्हणतो. मुलाचे नाव, जन्मतारीख, शाळेत दाखल झाल्याचा दिवस आणि शाळा सोडल्याचा दिवस अशी त्यात घरे आखलेली असतात. आणि अगदी उजवीकडे एक अरुंद घर असते, 'शाळा सोडल्याचे कारण'. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे पोलादपूर तालुक्यातील डोंगरवाड्यांवरच्या शाळांत गेली. सेवानिवृत्तीच्या वेळी पदभार सोपविताना अखेरच्या शाळेचे हे बाड मी अथपासून इतिपर्यंत वाचून काढले. जमाखर्च पाहावा तसा मी ते पाहत होतो. परंतु वाचता वाचता त्या उजवीकडच्या अरुंद घरातच या मुलुखाचा अर्वाचीन इतिहास लिहिलेला आहे, असे माझ्या ध्यानी आले.

जुन्या पानांवर माझ्या पूर्वीच्या गुरुजींच्या अक्षरात एकच शेरा वारंवार येतो : 'मुंबईस गेला'. हा शेरा तेरा-चौदा वर्षांच्या मुलग्यांपुढे आढळतो. मुलगा एकटा जाई. त्याची धाकटी भावंडे त्याच शाळेत राहत. पुढच्या पानांवर, आणि ही पाने बहुतांशी माझ्याच अक्षरातील आहेत, शेरा थोडा बदलतो. एकाच दिवशी, एकाच आडनावाच्या दोन-तीन मुलांपुढे, मुलगे आणि मुली दोघांच्याही पुढे, लिहिलेले असते : 'पालकांसमवेत मुंबईस गेला', 'पालकांसमवेत मुंबईस गेली'. एका शब्दाचा फरक. पण त्या शब्दात सारे आले. पूर्वी डोंगरातून माणूस जात असे. पुढे घर जाऊ लागले. हे कसे व का झाले, हेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम आकडे पाहू. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यास १९८१ पासून रायगड हे नाव आहे. २००१ च्या शिरगणतीत या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २२ लाख होती. २०११ साली ती २६ लाखांच्या पुढे गेली. पनवेल, उरण, खालापूर हे मुंबईलगतचे तालुके फुगले. याच दहा वर्षांत जिल्ह्याच्या दक्षिण टोकास असलेले महाड आणि पोलादपूर हे तालुके मात्र रोडावले. २०११ साली महाड तालुक्यात सुमारे १ लाख ८० हजार, तर पोलादपुरात सुमारे ४५ हजार माणसे मोजली गेली. दोन्ही संख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या त्याच दशकात १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गही घटला. साऱ्या देशाची लोकसंख्या वाढत असताना हे घडले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

यापूर्वी लोकसंख्या घटल्याचे उदाहरण नाही असे नाही. १९११ ते १९२१ या दशकात साऱ्या हिंदुस्थानची लोकसंख्या किंचित घटली होती. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीचा तो परिणाम होता. पण तेव्हाची घट मृत्यूमुळे झाली, आणि घरोघर पाळणे हलू लागताच ती भरूनही निघाली. आताची घट मृत्यूची नव्हे, प्रस्थानाची आहे. जेथून तरुण जोडपी जातात तेथून पाळणेही जातात. मागे राहिलेली माणसे वृद्ध होत जातात आणि मग कोणी नव्याने न जाताही गाव लहान होत राहते. ही घट आपोआप भरून येत नाही.

याची कारणे विचारली असता शहरातील सुशिक्षित मंडळी सामान्यतः दोन उत्तरे देतात. कोणी म्हणतात, शहराच्या मोहाने लोक जातात. कोणी म्हणतात, दरडींच्या भीतीने जातात. दोन्ही उत्तरांत थोडे तथ्य आहे. परंतु इतिहासाच्या कसोटीवर दोन्ही अपुरी ठरतात. यास्तव थोडे मागे जाऊ.

महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री नदी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली येते ती पोलादपुराच्या खोऱ्यात. पुढे महाडपाशी तिला काळ आणि गांधारी या नद्या मिळतात, आणि बाणकोटाशी ती समुद्रास मिळते. नदीकाठी भाताची खाचरे. त्यांच्यावर उतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन. त्याहून वर रान. आणि रानाच्याही वर, कड्याच्या कुशीत, धनगरवाडे. पाऊस वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक. अशा जागी माणसाने घर का करावे? याचे उत्तर असे की एके काळी ही जागा आडबाजूची नव्हती, हमरस्त्याची होती.

देशावरून कोकणात उतरावयाचे तर घाटावाचून गत्यंतर नाही. पार घाट उतरला की पोलादपूर, वरंधा घाट उतरला की महाड. महाडास खाडीचे बंदर. महाडजवळ गांधारपाले व कोल येथे जी बौद्ध लेणी आहेत, ती हा व्यापारी मार्ग किती प्राचीन आहे याची साक्ष देतात. या घाटवाटा ज्याच्या हाती तो राजा, हे जावळीच्या मोऱ्यांनी ओळखले होते, आणि त्यांच्याहून अधिक शिवाजी महाराजांनी ओळखले. १६५६ साली जावळी घेतल्यानंतर त्यांनी पार घाटावर नजर ठेवणारा प्रतापगड बांधला, आणि पुढे रायगडास राजधानी केली. १६७४ साली तेथे राज्याभिषेक झाला. राजधानी आली की तिच्या पोटी शेकडो धंदे येतात. गवंडी, पाथरवट, सुतार, लोहार, गवळी, बैलवाले, गडाची रखवाली करणारे, गडावर धान्य व गवत पुरविणारे, अशा नाना जातींची वस्ती या डोंगरांत राहिली आणि टिकली ती गडांच्या आश्रयाने. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ हे गाव याच पोलादपूर तालुक्यात आहे. ज्या वाड्यांवर आज चार म्हातारी माणसे राहतात, त्या वाड्यांनी एके काळी राज्याला शिपाई पुरविले.

या मुलुखातील पहिली ओहोटी लागली तीही या गडांपासूनच. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती गेला आणि राज्याचे केंद्र तेथून हलले ते कायमचे. पुढे गड परत आला, परंतु राजधानी परत आली नाही. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी गडावर आग लागली, गड पडला, आणि पाठोपाठ किल्ल्यांवरील शिबंदीही मोडली. पाठीवर ढाल बांधणाऱ्या कुटुंबांना आता केवळ नांगर धरून जगावयाचे होते, आणि ती जमीन तर नांगरास पुरेशी नव्हती.

तरीही घाटाचा व्यापार काही काळ चालू होता. घाटावरून माल लादलेली जनावरे उतरत, महाडच्या पेठेत मालाची अदलाबदल होई, आणि मीठ, मासळी, नारळ घेऊन ती परत चढत. १७९६ साली पुण्यातील राजकारण बिघडले तेव्हा नाना फडणविसांनी महाडासच मुक्काम ठोकला होता. यावरून या गावाचे तत्कालीन महत्त्व कळून येईल. या व्यापारास धक्का बसला तो आगगाडीमुळे. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग पुण्याकडे चढला, आणि देशावरचा माल बैलाच्या पाठीऐवजी डब्यांतून थेट मुंबईस जाऊ लागला. इंग्रजांनी महाबळेश्वराहून पोलादपुराकडे आंबेनळी घाटाचा उत्तम रस्ता बांधला खरा. परंतु व्यापाराने आपली वाट अगोदरच बदलली होती. हमरस्ता आडरस्ता झाला. डोंगराच्या ऱ्हासातील ही दुसरी पायरी होय.

तिसरे कारण जमिनीचे. डोंगरउतारावर नाचणी पिकविण्याची जुनी पद्धत अशी की, झुडपे तोडावी, ती जाळून राख करावी, तीत कुदळीने बी पेरावे, दोन-तीन पिके घेतल्यावर ती जागा पुष्कळ वर्षे पडीक ठेवावी व दुसरीकडे वळावे. या पद्धतीस विपुल जागा लागते. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर रानावर सरकारी शिक्का बसू लागला आणि ही जागा आखडली. खालच्या खाचरांवर बहुधा खोताचा अंमल. पिकवावे कुळाने आणि वाटा न्यावा खोताने. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात आणले. प्रत्यक्ष कायदा होण्यास १९४९ साल उजाडले. तोपर्यंत तीन-चार पिढ्यांना एक गोष्ट पुरती उमगली होती की, या जमिनीवर पोट भरते ते फार तर सहा महिने.

उरलेल्या सहा महिन्यांचे काय? या प्रश्नाचे उत्तर मुंबईने दिले. १८५४ साली कावसजी दावरांनी कापडगिरणीची कंपनी काढली, आणि पुढल्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी या भागांत गिरण्यांची रांग उभी राहिली. त्यांना माणसे हवी होती आणि कोकणाला पैसा हवा होता. १९२१ च्या शिरगणतीच्या वेळी एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली दोन लाखांहून अधिक माणसे मुंबईत राहत होती. कुलाब्याच्या दक्षिण भागातील माणसेही याच ओघात होती. महाड-पोलादपूरकडचा गडी डोंगर उतरून दासगाव-महाडच्या बंदरास येई, खाडीतून बाणकोटाकडे आणि तेथून आगबोटीने मुंबईस जाई. एका खोलीत एकाच गावची दहा-पंधरा माणसे पाळीपाळीने झोपत. एकाची रात्रपाळी, दुसऱ्याची दिवसपाळी. वळकट्या भिंतीशी, पेट्या फळीवर. जेवण खानावळीत, आणि ती खानावळ चालविणारी बाईही पुष्कळदा आपल्याच मुलुखातली.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. हा गडी मुंबईकर झाला नव्हता. त्याची बायको, आईबाप, गुरेढोरे, देव आणि भाऊबंदकीची भांडणेसुद्धा गावातच होती. पोस्टाने मनिऑर्डरीची सोय १८८० साली सुरू केली, आणि तेव्हापासून डोंगरातल्या घरांची चूल निम्मी शेतावर आणि निम्मी पोस्टमनच्या पिशवीवर पेटत आली. चाकरमानी गणपतीस आणि शिमग्यास येई, पावसाळ्याच्या तोंडी रजा मिळाली तर लावणीस येई, आजारी पडला तर येई आणि म्हातारा झाला की कायमचा येई.

अर्थात मुंबई आणि डोंगर यांच्यामध्ये एक न लिहिलेला करार होता. मुंबईने तरुण मनुष्य घ्यावा आणि पैसा द्यावा. डोंगराने त्याची मुले वाढवावी, आजारपण काढावे आणि म्हातारपण सांभाळावे. गिरणीचा मालक त्यास जो पगार देई, तो एका माणसाच्या पोटापुरता. कुटुंबाचा उरलेला भार नाचणीच्या शेताने उचलला. मुंबई स्वस्तात उभी राहिली ती डोंगरातल्या बायकांच्या श्रमावर, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. लावणी, कापणी, गुरे, पाणी, सरपण, सासूसासरे आणि मुले, हे सारे त्यांच्या माथी. शिरगणतीच्या आकड्यांतही त्या दिसतात. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि पोलादपूर तालुक्यातही स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक भरली. हा स्त्रीजन्माचा गौरव नव्हे. पुरुष घरी नसल्याचा हा पुरावा आहे.

या कराराची कसोटी पहिल्यांदा लागली १८९६ साली. त्या वर्षी मुंबईत प्लेगची साथ आली आणि लाखो माणसे शहर सोडून आपापल्या गावी गेली. गिरण्यांची चाती थांबली. ज्यांना जाण्यास गाव होते ते गेले. गाव म्हणजे केवळ प्रेमाचा विषय नव्हता, तो गरिबाचा विमा होता.

परंतु, श्रोतेहो, या कथेस आणखी एक बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. गाव सर्वांनाच सारखे आईसमान नव्हते. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवण्याची मनाई होती, त्यांना मुंबईची खोली कितीही कोंदट असली तरी ती मोकळी वाटली असल्यास नवल नाही. लष्कर, गोदी, गिरणी येथे गेलेला अस्पृश्य समाजातील मनुष्य निराळी दृष्टी घेऊन परत येई. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झालेले. त्यांनी १८८८ साली अस्पृश्यतेचा निषेध करणारी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. महाडच्या परिषदेसाठी खटपट करणारे रामचंद्र बाबाजी मोरे हे दासगावच्या परिसरात वाढले आणि मुंबईच्या कामगारवस्तीत वावरले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी ते आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईहून बोटीने दासगाव बंदरास उतरले. चाकरमान्यांची ने-आण करणाऱ्या वाटेनेच समतेचा विचारही डोंगरात आला. तेव्हा 'गाव सोडले हे वाईट झाले' असे सरसकट म्हणणाऱ्याने, कोणी सोडले आणि कशापासून सुटण्यासाठी सोडले, हे आधी विचारले पाहिजे.

आता मी माझ्या स्वतःच्या काळाकडे येतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. पुष्कळ गिरण्या पुन्हा पूर्ववत सुरू झाल्या नाहीत. मी नोकरीस लागलो तेव्हा या गोष्टीस दोन-तीन वर्षे झाली होती. शाळेच्या ओट्यावर सायंकाळी जी माणसे येऊन बसत, त्यांत चाळिशीतले कितीतरी साचेवाले आणि बदलीवाले असत. 'गुरुजी, पेपरात काही आलंय का?' एवढाच त्यांचा प्रश्न असे. प्रथम ते महिन्यांचा हिशेब करीत, मग वर्षांचा; पुढे त्यांनी विचारण्याचे सोडले.

वरवर पाहता असे वाटावे की गिरण्या बुडाल्या, माणसे परत आली, म्हणजे डोंगर पुन्हा भरावयास हवा होता. झाले ते उलट, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील मर्म येथे आहे. पूर्वीचा करार एका विशिष्ट नोकरीवर उभा होता : कायम नोकरी, ठराविक पगार, हक्काची रजा, अखेरीस फंड. ती नोकरी गेल्यावर पुढच्या पिढीला मुंबईत जे काम मिळाले ते रोजंदारीचे, कंत्राटी, आज आहे उद्या नाही असे. त्या कमाईत दोन ठिकाणी दोन चुली पेटेनात. नवऱ्याने एकट्याने कमावून गावी पाठवावे हे जमेना. बायकोनेही शहरात चार घरची कामे धरली तरच भागू लागले. तेव्हा घरच उचलून न्यावे लागले. नालासोपारा, विरार, दिवा, पनवेलकडील दूरदूरच्या वस्त्यांतून आमची मुले गेली ती या काळात. रजिस्टरातील शेरा बदलला तो येथे. गिरणीने माणूस नेला होता; गिरणी बंद पडल्याने घर नेले.

एकदा हा धागा तुटल्यावर बाकीची कारणे भराभर जमली. घरटी कर्ते हात नाहीत म्हणून वरकस जमीन पडीक राहिली; पडीक जमिनीवर झाडी वाढली; झाडीत रानडुकरे आणि वानरे आली; आणि त्यांनी शेजाऱ्याचे उभे पीकही ठेवले नाही, म्हणून त्यानेही पेरणी सोडली. एका सातबाऱ्यावर चुलतचुलत भावांची वीस-पंचवीस नावे. त्यांतील निम्मी कोठे राहतात हे उरलेल्या निम्म्यांस ठाऊक नाही. अशी जमीन ना विकता येते, ना कोणास निश्चिंतपणे लावता येते. तीन हजार मिलिमीटर पाऊस ज्या कातळावरून वाहून जातो, त्याच वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावरून हंडे आणणारी सून एकदा शहरात नळाखाली बादली भरून गेली की तिने परत यावे असे कोणत्या तोंडाने म्हणावे? तिला मोह झाला असे मी म्हणणार नाही.

मग शाळा. वर्गात वीस मुले होती तोवर दोन शिक्षक. मुले कमी झाली की एक शिक्षक. आणि एक शिक्षक चार इयत्ता शिकवितो असे पाहिले की उरलेला पालकही मुलास उचलून नेतो. पट कमी म्हणून शाळा दुबळी, आणि शाळा दुबळी म्हणून पट कमी, अशी ही घिरट असते. अलीकडे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याच्या गोष्टी निघत आहेत. मैदानी प्रदेशात हे कदाचित शोभेल. पावसाळ्यात ओढे भरून वाहणाऱ्या डोंगरात सहा वर्षांच्या पोराने किती चालावे, हे कागदावर नकाशा पसरून ठरविता येत नाही.

आणि अखेरीस दरडी. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर येथेही घरे दरडीखाली गेली. काळ्या कातळावरील मातीचा थर पाण्याने जड झाला की तो उतारावरून सुटतो. त्यास पूर्वसूचना अशी फारशी नसते. पण काळक्रम नीट पाहा. डोंगर रिकामा होऊ लागला तो या दुर्घटनांच्या कितीतरी आधी. दरडीने लोकांना घालविले असे म्हणण्यापेक्षा, अगोदरच डळमळणाऱ्या घराला दरडीने शेवटचा धक्का दिला असे म्हणणे अधिक न्यायाचे होईल. आता पावसाळ्यात मुंबईचा मुलगा फोन करून आईस म्हणतो, 'आये, चार महिने तरी हिकडं ये.' चार महिन्यांचे बारा होतात आणि दारास कुलूप लागते.

हे केवळ आमच्याच भाळी आले आहे असे मात्र नाही. उत्तराखंडातील अल्मोडा आणि पौडी गढवाल या दोन डोंगरी जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या काळात घटली. त्या राज्याने तर स्थलांतराचा विचार करण्यासाठी २०१७ साली स्वतंत्र आयोगच नेमला. जपानातील डोंगराळ भागात निम्म्याहून अधिक माणसे पासष्टीपुढची आहेत अशा गावांसाठी तेथील अभ्यासकांनी वेगळा शब्द बनविला आहे. त्याचा अर्थ 'कडेलोटाच्या काठावरचे गाव' असा काहीसा होतो. जपान श्रीमंत आहे, उत्तराखंड गरीब आहे, आणि तरी परिणाम एकच. यावरून एवढे तरी दिसते की या गोष्टीस लोकांचा आळस वा मोह कारण नाही. जेथे पैसा, शिक्षण आणि औषधपाणी सखल भागात साठते तेथे माणूस उतारावरून पाण्यासारखा खाली येतो.

मग यात हळहळण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. माणसे सुखी होण्यासाठी गेली असतील तर जावोत. याचे उत्तर मला २०२० साली मिळाले. त्या वर्षी मार्चअखेर टाळेबंदी झाली आणि चाकरमानी मुंबई-गोवा रस्त्याने, मिळेल त्या वाहनाने व पुष्कळसे पायी, गावी आले. १८९६ सालचीच ती पुनरावृत्ती होती. साथीच्या भयाने गावकऱ्यांनी त्यांना चौदा दिवस गावाबाहेर ठेवावयाचे ठरविले आणि ठिकठिकाणी शाळा उघडल्या. माझ्याही शाळेच्या दोन खोल्यांत माणसे राहिली. त्यांतल्या काहींच्या नावापुढे 'पालकांसमवेत मुंबईस गेला' हा शेरा मी स्वतः लिहिला होता. एकाने मला विचारले, 'गुरुजी, माझं नाव अजून आहे का रजिस्टरात?' मी त्यास पान काढून दाखविले. तो बराच वेळ ते पाहत राहिला.

विमा उतरविलेला असतो तोवर त्याची किंमत कळत नाही. १८९६ साली गावी परतलेल्या माणसाला तेथे पिकलेले धान्य, गुरे आणि चालते घर मिळाले. २०२० साली परतलेल्या कित्येकांना मिळाले ते गळके छप्पर आणि रेशनचे तांदूळ. आणखी तीस वर्षांनी अशी वेळ आली तर काय मिळेल? गाव संपले म्हणजे डोंगराचे नुकसान होते हे खरेच. परंतु शहरातील गरिबाचे त्याहून अधिक होते. त्याच्या पाठीमागची भिंतच जाते.

उपाय सांगण्याचा अधिकार माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या शिक्षकाला कितपत आहे, हे मी जाणतो. गेलेली सर्व माणसे परत येतील असे मला वाटत नाही आणि त्यांनी यावे असा आग्रहही नाही. परंतु जी राहिली आहेत त्यांना राहणे शिक्षा वाटू नये, एवढे करता येण्याजोगे आहे. वाडीगणिक पाणी साठविण्याची सोय, दरडीच्या छायेतील वाडी हलवायची तर ती एकत्रच, जवळच्या सुरक्षित जागी वसविणे, आणि लहान पटाची शाळा ओझे न मानता चालविणे, एवढे झाले तरी पुष्कळ. २०२१ साली व्हावयाची शिरगणती झाली नाही; ती २०२७ साली होईल असे सरकारने जाहीर केले आहे. ते आकडे येतील तेव्हा पोलादपूरच्या रकान्यापुढे काय असेल याची मला धास्ती वाटते.

आणि आपणांकडे एक मागणे आहे. हे भाषण ऐकणाऱ्या घरांपैकी कितीतरी घरांचा आजा-पणजा कुठल्यातरी डोंगरातून वळकटी घेऊन उतरलेला असेल. घरात कोणी वडीलधारे असतील तर त्यांना आपल्या वाडीचे नाव, पाणवठ्याचे नाव, शेतांची नावे विचारून लिहून ठेवा. सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते सर्वांनी एकत्र बसून, भांडण न करता, एकदा पाहून घ्या. वर्षातून दोन दिवस तरी जाऊन दार उघडा, चूल पेटवा, कौले शाकारा. उघडे दार शेजाऱ्यासही धीर देते.

मी पदभार सोपविला त्या दिवशी त्या शाळेच्या पटावर पाच मुले होती. रजिस्टरात पुढे पुष्कळ कोरी पाने शिल्लक आहेत. त्यांवर उजवीकडच्या घरात काय लिहावयाचे ते पुढील शिक्षक लिहील. डावीकडच्या घरात नवी नावे लिहिण्याचे भाग्य त्यास लाभो, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.